ताई नसतील त्या दिवशी...

मेळावा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मांडव, मागे भला मोठा फ्लेक्स, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मग दोन तास भाषणं आणि शेवटी आभारप्रदर्शन. ८ मार्चच्या आसपास तर तालुक्यातालुक्यात असे मेळावे भरतात. साड्या छान, फोटो छान, जेवणही छान! पण दुसऱ्या दिवशी गटाच्या कामात काय फरक पडला, असं कुणी विचारलं तर आपण एकमेकींकडे बघत राहतो.

मैत्रिणींनो, आज ज्या मेळाव्याबद्दल बोलायचं आहे तो याहून वेगळा आहे. तो सगळ्या सभासदांचा नाही. सभासदांसाठी धावपळ करणाऱ्या मोजक्या बायकांचा आहे. बचत गटांचे संघ, गृहउद्योग करणाऱ्यांची मंडळं, उद्योजिकांचं जाळं, नाव काहीही असो, त्याचा सगळा भार अशा पाच-पंचवीस जणींच्या खांद्यावर असतो. कुठे त्यांना सहयोगिनी म्हणतात, कुठे प्रेरिका, कुठे सखी. गावात मात्र त्यांचं एकच नाव असतं, 'ताई'.

अशी ताई तुमच्याही ओळखीची असेल. कदाचित तुम्हीच असाल. सकाळी डबे होत नाहीत तोच दारात हाक येते, "ताई, एवढा फॉर्म बघता का?" दुपारी कुणाचा फोन, "ताई, बँकेत तुम्हीच चला हो, साहेब माझ्याशी नीट बोलत नाहीत." संध्याकाळी तिसरी, "वहिनी, प्रदर्शनाच्या स्टॉलचे पैसे कुणाकडे भरायचे?" ताई सगळ्यांचं करते. तिचं स्वतःचं लोणच्याचं काम मात्र बरण्यांमध्येच राहतं. घरात नवरा विचारतो, "पगार देतात का गं तुला त्याचा?" ताई हसून वेळ मारून नेते. कारण मनात कुठेतरी बरंही वाटत असतं, की आपल्यावाचून गावात पान हलत नाही!

आणि नेमकी तीच धोक्याची घंटा असते. एक दिवस ताईंच्या लेकीचं बाळंतपण येतं, नवऱ्याची बदली होते किंवा ताईच आजारी पडतात. मग शोधाशोध सुरू. पासबुक कुठल्या कपाटात आहे? हप्त्याची तारीख काय? प्रदर्शनवाल्यांचा नंबर कुणाकडे? पंधरा दिवसांत बैठका थांबतात, हप्ता चुकतो, व्याज वाढतं. बारा-पंधरा बायकांनी शंभर-दोनशे करत उभं केलेलं काम एका आजारपणात बसतं. यात कुणीही चोरी केलेली नसते, कुणी वाईट नसतं. फक्त सगळं काम एकाच हातात साठलेलं असतं.

म्हणूनच कार्यकर्त्यांचं नेतृत्व शिबिर भरवायचं असेल, तर त्याचा हेतू एकच असावा. ताई नसतील त्या दिवशीही काम चालावं. चांगलं भाषण करता येणं, माईक हातात धरता येणं हे सगळं नंतर.

आधी हिशेब, मग भाषण

'लिज्जत' पापड आपल्या सगळ्यांच्या घरात येतो. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने आणलेले. पहिल्या दिवशी झाली पापडांची चार पाकिटं. या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, हे तुम्ही वाचलं असेल.

ही गोष्ट आपण नेहमी जिद्दीची म्हणून सांगतो. पण तिच्यात जिद्दीइतकीच शिस्तही आहे. ८० रुपये उसने देणारे छगनलाल पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबाप्पा, यांनी या बायकांना दोन गोष्टी बजावून सांगितल्या. कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही आणि हिशेब चोख ठेवायचा. पुढे शाखा वाढल्या, हजारो बायका आल्या, तरी मालकीण कुणी एक झाली नाही. नफा-तोटा सगळ्या भगिनींचा. शाखा सांभाळणारी संचालिकाही त्यांच्यातूनच पुढे येते. म्हणजे एक ताई गेली की दुसरी उभी राहते, कारण काम कसं चालतं हे दोघींनाही ठाऊक असतं.

आपल्या शिबिरातही पहिला तास पाहुण्यांच्या भाषणाला न देता हिशेबवहीला द्यावा. वही मधे ठेवायची आणि मोठ्याने वाचायची. जमा किती, कर्ज कुणाकुणाकडे, हप्ता कुणाचा थकला, चहाला किती गेले. वाचणारी दर वेळी वेगळी. पहिल्यांदा अडखळेल, दुसऱ्यांदा कमी अडखळेल. "मला काय कळतंय त्यातलं?" म्हणणाऱ्या बाईच्या हातात वही गेली, की तिच्या आवाजात फरक पडतो.

आणि एक सवय मोडायलाच हवी. बँकेचं खातं तिघींपैकी दोघींच्या सहीने चालवायचं, अशी पद्धत असते. पण पुन्हा पुन्हा कोण जाणार म्हणून कितीतरी ठिकाणी कोऱ्या स्लिपवर सही करून ठेवतात. विश्वास म्हणूनच ठेवतात, पण उद्या रक्कम चुकली तर बोट कुणाकडे दाखवणार? कोरी सही करायची नाही आणि कुणाकडून मागायचीही नाही. शिबिरात एवढा एक ठराव झाला, तरी येण्याजाण्याचे पैसे वसूल!

जिने केलं, तिनंच शिकवायचं

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-उस्मानाबादकडच्या बायका कधी विसरणार नाहीत. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, गावंच्या गावं मातीत गेली. त्यानंतर घरांच्या दुरुस्तीचं मोठं सरकारी काम निघालं. त्यात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. प्रेमा गोपालन या संस्थेच्या संस्थापक. या बायका घरोघर जात. भूकंपात टिकेल अशी दुरुस्ती कशी करायची ते समजावत आणि गावकऱ्यांची अडचण अधिकाऱ्यांपर्यंत नेत. तोवर ज्यांनी डोक्यावरचा पदर सोडून चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं, त्या बायका सिमेंट, विटा आणि कोपऱ्यातला जोड यावर बोलू लागल्या.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या या बायका गुजरातमध्ये गेल्या. २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूत गेल्या. भाषा येत नव्हती. पण "आमचंही घर असंच पडलं होतं आणि आम्ही ते असं उभं केलं," हे सांगायला मोठी भाषा लागत नाही. याच कामातून पुढे बचत गट, छोटे व्यवसाय आणि गावोगावच्या उद्योजिका सखींचं जाळं वाढलं. २०१७ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आपल्याला यातून काय घेता येईल? शिबिराला मोठा वक्ता हवाच असं नाही. शेजारच्या गावातल्या ज्या बाईने शेवयांचं मशीन घेऊन कर्ज फेडलं, तिला बोलवा. ज्या गटाचा मसाला पहिल्या वर्षी खराब निघाला आणि दुसऱ्या वर्षी विकला गेला, त्यांना बोलवा. त्यांना कागदावरचं भाषण नको. तुम्ही फक्त प्रश्न विचारा. भाव कसा ठरवला? उधारी कशी वसूल केली? सासूबाईंना कसं पटवलं? ती बाई जे सांगेल ते पुस्तकात नसतं.

कॅल्क्युलेटरशिवाय

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं म्हसवड. दुष्काळी भाग. तिथे रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजचे थोडे पैसे बाजूला ठेवायचे होते. पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. बँकेने एवढ्या छोट्या रकमेचं खातं उघडायला नकार दिला. ही गोष्ट चेतना सिन्हा यांच्या मनाला लागली आणि बायकांची बँक काढायचं ठरलं. पहिला अर्ज फेटाळला गेला. कारण? अर्जावर बायकांचे अंगठे होते!

बायका रडत बसल्या नाहीत. लिहाय-वाचायला शिकल्या. मग चेतनाताईंबरोबर रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, पण व्याजाचा हिशेब आम्हाला येतो. कितीही रक्कम सांगा. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. जानेवारी २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत चेतना सिन्हा सहअध्यक्ष म्हणून बसल्या.

या प्रसंगात बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर बोलल्या त्या बायका स्वतः, हे लक्षात घ्या. ताईंनी सोबत जायचं, पण बोलायचं बाईनंच. आपण मात्र काय करतो? "तुम्ही बसा, मी बोलते साहेबांशी." काम पटकन होतं खरं. पण ती बाई पुढच्या वेळीही आपल्याचकडे येते. शिबिरात याचा सराव करून घ्या. एक जण बँकेचे साहेब होईल, दुसरी कर्ज मागणारी. साहेब मुद्दाम खेकसतील. "तारण काय आहे तुमचं?" असं विचारतील. मग बाईने शांतपणे सांगायचं, "साहेब, बचत गटाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे." पहिल्यांदा सगळ्या खो-खो हसतील. चौथ्यांदा कुणी हसणार नाही.

उद्यम नोंदणीचंही तसंच. २०२० पासून ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तरी बायका एजंटाला पाचशे-हजार रुपये देतात, कारण कुणी सांगितलेलंच नसतं. ताईंनी पन्नास जणींचे फॉर्म भरून देण्यापेक्षा पाच मुलींना तो भरायला शिकवावा. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या लेकी-सुना यात आपल्यापेक्षा हुशार असतात.

टिकल्यांचा तक्ता

आता शिबिरात करून बघण्यासारखी एक सोपी गोष्ट. भिंतीवर मोठा कागद लावा. त्यावर आपल्या मंडळाची सगळी कामं एकाखाली एक लिहा. बैठकीचा निरोप देणं, वही लिहिणं, बँकेत भरणा, कर्जाचा अर्ज, कच्चा माल आणणं, पॅकिंगची लेबलं, प्रदर्शनाचा स्टॉल, व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरी, थकलेला हप्ता मागायला जाणं, भांडण मिटवणं. मग प्रत्येकीला टिकल्यांचं एकेक पाकीट द्या. जे काम कुणाच्या मदतीशिवाय जमतं, त्याच्यापुढे आपली टिकली लावायची.

दहा मिनिटांत सगळं चित्र समोर येईल. निरोप देण्यापुढे वीस टिकल्या आणि कर्जाच्या अर्जापुढे एकच. ती एकटी टिकली कुणाची, हे सांगायला नको! ज्या ज्या कामापुढे एकच टिकली दिसेल, ते काम धोक्यात आहे असं समजायचं. उठण्याआधी अशा प्रत्येक कामाला दुसरी जोडीदारीण ठरवायची आणि तीन महिन्यांची मुदत द्यायची. पुढच्या शिबिरात तोच कागद पुन्हा भिंतीवर लावायचा. टिकल्या वाढल्या तर नेतृत्व वाढलं. इतकं साधं मोजमाप आहे ते.

मोजमापाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. अहमदाबादला १९७२ साली इला भट्ट यांनी 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना सुरू केली. तिथल्या पुढारी बायकांना 'आगेवान' म्हणतात. आपलं काम खरंच उपयोगी पडतंय का, हे तपासायला या संघटनेने अकरा प्रश्न ठरवले आहेत. बाईला काम वाढलं का, मिळकत वाढली का, सकस खायला मिळतं का, तब्येतीची काळजी घेतली जाते का, मुलांची सोय आहे का, घर नीट आहे का, तिच्या नावावर काही झालं का, संघटनेची ताकद वाढली का, बायकांचं नेतृत्व वाढलं का, स्वतःच्या पायावर उभं राहणं वाढलं का आणि शिक्षण वाढलं का. यात मेळाव्याला किती गर्दी झाली किंवा पेपरात फोटो आला का, असा प्रश्न एकही नाही! इलाबेन २०२२ साली गेल्या, पण हे प्रश्न मागे राहिले. आपल्या मंडळाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत असेच आहेत ते.

आणि ताईंचं काय?

कार्यकर्तीच्या शिबिरात सगळ्यांच्या अडचणी निघतात, फक्त कार्यकर्तीची निघत नाही. आपल्याकडे सेवा म्हटलं की पैशाचं नाव काढायचं नाही, असा शिरस्ताच आहे. पण तालुक्याला जायचं म्हणजे रिक्षा आली, चहा आला, फोनचं रिचार्ज आलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेवढाच आधार. बाकी सगळं तिच्या खिशातून. शिवाय त्या दिवसाचं शिलाईचं किंवा पापडाचं काम बुडालं ते वेगळंच.

उद्योग करा म्हणून गावभर सांगणाऱ्या बाईचाच उद्योग बंद पडावा, यासारखी उलटी गोष्ट नाही. आणि तिचा उद्योग बंद पडला, की तिच्या बोलण्याला वजन राहत नाही. म्हणून शिबिरात हा विषय मोकळेपणी काढा. प्रवासखर्च मंडळाने द्यायचा आणि तो वहीत लिहायचा. ज्या कामात पूर्ण दिवस मोडतो, त्याला थोडं का होईना मानधन ठरवायचं. किती द्यायचं ते बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवावं, म्हणजे मागून कुणी बोलणार नाही. आठवड्यातले दोन दिवस ताईंचे स्वतःच्या धंद्याचे. त्या दिवशी दारात हाक मारायची नाही.

हे ऐकून एखादी म्हणेल, "पैसे घेतले तर सेवा कसली?" तिला विचारावं, आजवर ही सेवा कुणाच्या जिवावर चालली? ताईंच्या झोपेवर आणि त्यांच्या बंद पडलेल्या चुलीवरच ना!

खुर्ची सोडायची कशी?

सगळ्यांत अवघड प्रश्न हा. दहा-दहा वर्षं अध्यक्षपद सांभाळलेल्या बाईला बाजूला हो कसं म्हणायचं? म्हणून ते माणसावर न सोडता नियमावर सोडलेलं बरं. केरळमध्ये १९९८ साली 'कुटुंबश्री' सुरू झाली. शेजारच्या घरांचे छोटे गट, त्यांच्यावर वॉर्डाची समिती, तिच्यावर गावाची किंवा शहराची समिती. या पदांच्या तीन वर्षांनी निवडणुका होतात. लाखो बायकांनी या निमित्ताने मत दिलं, पद सांभाळलं आणि मुदत संपली की दुसरीच्या हाती दिलं. त्यातल्या कित्येक जणी पुढे पंचायतीत निवडून आल्या.

आपल्याकडेही गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी रचना गावोगावी झाली आहे. पण पदं बदलायची वेळ आली की "तुम्हीच राहा ताई, आम्हाला नाही जमणार," असा सूर निघतो. हा मान नाही, ही अंग काढून घ्यायची रीत आहे. अशा वेळी ताईंनी मोहात पडू नये. "सहा महिने मी शेजारी बसते, वही तू लिही," असं म्हणावं. ती चुकेल. बेरीज पुन्हा करावी लागेल. आपण केलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं, असं शंभरदा वाटेल. तरी हात मागे ठेवावा. पोरीला पोळ्या शिकवताना पहिले चार नकाशे आपणच खाल्ले होते ना? तसंच हे.

शिबिर ठेवताना एवढं बघा

• वेळ एसटी बघून ठरवा. शेवटची गाडी चुकेल या धास्तीने बसलेल्या बाईच्या डोक्यात काही शिरत नाही.

• लहान मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी एक खोली आणि सांभाळायला एक मावशी हवीच. स्वच्छतागृह आधी स्वतः जाऊन बघा.

• जेवणाचं काम आपल्याच एखाद्या गटाला द्या आणि त्याचे पैसे त्याच दिवशी चुकते करा.

• खुर्च्या गोलात मांडा. व्यासपीठ नको. पाहुणे आले तर त्यांनीही गोलात बसावं.

• दर गावातून दोघी बोलवा. एक जुनी, एक नवी. नवीने बोलायचं, जुनीने ऐकायचं.

• उठण्याआधी प्रत्येकीने एकच गोष्ट सांगायची, मी कुठलं काम कुणाला आणि किती तारखेपर्यंत शिकवणार. ते वहीत लिहून घ्या.

पुढारीपण म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणं, असं आपल्याला शिकवलं गेलं. पण ज्या बाईला मागे वळून बघितल्यावर दहा जणी आपापल्या पायांनी येताना दिसतात, तीच खरी पुढारी. बाकीच्या नुसत्या दमलेल्या. तेव्हा ताईंनो, पुढच्या शिबिराला जाताना पर्समध्ये टिकल्यांची दोन पाकिटं जास्तीची ठेवा. आणि एखाद्या बैठकीला मुद्दाम जाऊ नका. घरी बसून आपलं लोणचं घाला, फोन बाजूला ठेवा. संध्याकाळी कुणीतरी येऊन म्हणेल, "ताई, झाली हो बैठक. वहीसुद्धा लिहिली!" त्या दिवशी थोडं चुकल्या-चुकल्यासारखं वाटेल. पण तुमचं काम त्या दिवशी खरं उभं राहिलेलं असेल.